तिसरी पायरी

बेकरीच्या दारापुढच्या तीन पायऱ्यांपैकी
तिसरी जरा उतरती आहे, हे मला माहीत होतं.
वर मी राहते, खाली भट्टी,
म्हणजे दिवसातून वीसदा तरी ती ओलांडते
आणि दर वेळी पाय आपोआप डावीकडे पडतो.
माझ्या पायाला माहीत होतं.
टपाल आणणाऱ्या ड्वेन ट्रेगीयरच्या पायाला
कुणी सांगितलं नव्हतं.

हॅनकॉकमध्ये फेब्रुवारीत
लेक सुपीरियरवरून बर्फ आडवा येतो.
पहाटे चारला मी फावडं मारलं, सहाला पुन्हा.
मीठ टाकायचं काम कोडीचं.
कोडी सतरा वर्षांचा. त्या सकाळी
तापलेल्या ट्रेचा चटका बसला त्याच्या मनगटाला,
आणि मी त्याचा हात नळाखाली धरून उभी होते.
तेवढ्यात बाहेर आवाज झाला.
फार मोठा नाही. पिठाची गोणी
फळीवरून घसरावी, तसा.
मग पत्रं. पायऱ्यापायऱ्यांवर पत्रं.
त्यातलं एक माझ्याच विमा कंपनीचं,
हप्ता पोचल्याची पावती.

मार्लिस फोनवर म्हणाली, "आता नीट ऐक.
बर्फ कधी काढलास ती वेळ लिहून ठेव. फोटो काढ.
मुलाच्या चटक्याचा फॉर्म वेगळा, कामगार विम्याचा,
तो आजच भर, उद्या नाही.
आणि ड्वेनला 'माफ कर' म्हणू नकोस.
म्हणालीस की तो पुरावा झाला."
"चौतीस वर्षं तो माझी पत्रं आणतोय, मार्लिस."
"म्हणूनच सांगते."

फॉर्मवर बारा रकाने.
सातवा : धोक्याची पूर्वकल्पना होती का?
हो, नाही. दोन चौकोन,
खडीसाखरेच्या खड्याएवढे.
पेन उचललं, ठेवलं, जाऊन पीठ मळून आले.
पुन्हा उचललं.
ती पायरी आरवोने ओतली होती,
लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात,
लेव्हल न लावता, नुसत्या नजरेने, बीअरच्या पैजेवर.
"पाणी वाहून जायला उतार हवाच," म्हणायचा, पैज हरल्यावर.
मेलेल्या माणसावर दावा लागत नाही.
त्याचं देणं मात्र
घरासकट नावावर चढतं.

मी 'हो'वर खूण केली.
मार्लिसचा सुस्कारा फोनमधूनही ऐकू आला.
"हप्ता वाढेल."
वाढू दे.

रविवारी वेलदोड्याचा निसू भाजला, फडक्यात गुंडाळला.
माफी मागायची नव्हती, पण पावाला
कुठे तोंड असतं साक्ष द्यायला?
ड्वेनच्या घराला पाच पायऱ्या.
वरच्या दोनच पायऱ्यांवर मीठ,
पंख्यासारखं पसरलेलं :
कुबडीवर रेलून, दारातून
हात पोचेल तेवढंच.
खालच्या तीन काचेसारख्या लखलखीत.
त्याच्याकडे येणार तरी कोण? रोज एकदा
टपालाचा बदली पोरगा.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
पायाखालच्या मिठाचं कुणी काही सांगितलेलं नाही.
डिकीत चाळीस पौंडांची पिशवी होती.
खालून वर मुठीमुठीने टाकत गेले,
जिथे माझं मीठ त्याच्या मिठाला भेटलं
तिथे थांबले.

दार किलकिलं झालं.
"इर्या, वकील म्हणतो, तुझ्याशी बोलायचं नाही."
"माझी विमावालीही तेच म्हणते."
तो बराच वेळ पायऱ्यांकडे बघत राहिला.
"वेलदोड्याचा?"
"हो."
त्याने हात पुढे केला. पोचला.

इथे मे महिन्याआधी सिमेंट धरत नाही.
तोवर माझ्या तिसऱ्या पायरीवर
कोडीने पिवळा पट्टा मारलाय, जाड, वेडावाकडा,
डाव्या हाताने,
कारण उजव्याची पट्टी मी
अजून सोडू दिलेली नाही.